आर्वीचा पाऊस, जावा आणि न ओरडणारी चूक

लाल अक्षरांत ओरडणारी एरर परवडली. गप्प बसणारी चूक थेट थीसिसमध्ये जाऊन बसते. समजा, पोस्टग्रेसमध्ये तुम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांचा रोजचा पाऊस भरलाय आणि जावामधून आर्वी तालुक्यातले पावसाचे खंड मोजायचेत.

डेटाबेस जोडलाच जात नसेल तर मेसेजसोबत एसक्यूएल-स्टेटही छापा. 08001 म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत. सोबत 'नो सूटेबल ड्रायव्हर' असेल तर ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथमध्ये नाही, नाहीतर यूआरएलची सुरुवात चुकलीय. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय (नेहमीचा 5432). कोड 28 ने सुरू झाला तर सर्व्हर सापडलाय, पासवर्ड बघा.

मग येतो 42703, म्हणजे 'असा कॉलमच नाही'. अहो, कॉलम तर समोर दिसतोय! मायएसक्यूएलची सवय असलेले इथे हमखास अडकतात. आर्वी हे नाव दुहेरी अवतरणात टाकलं की पोस्टग्रेस त्या नावाचा कॉलम शोधायला लागतं. एकेरी अवतरण लावा. त्यापेक्षा प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, भानगडच नको.

क्वेरी चालली पण एकही ओळ आली नाही? टेबलातल्या नावाची लांबी जावात छापा. 'आर्वी'ची लांबी 5 यायला हवी. 6 आली तर कॉपी-पेस्ट करताना न दिसणारं एखादं अक्षर चिकटलंय. नॉन-ब्रेकिंग स्पेस असेल तर ट्रिमनेही जात नाही, ती रिप्लेस करूनच काढावी लागते.

आता खरी गोम. काही दिवसांची नोंदच नाही, म्हणून तिथे नल आहे. रिझल्टसेटचं गेट-डबल अशा ठिकाणी मुकाट्याने 0.0 देतं. एरर नाही, काही नाही. हवामान खात्याच्या हिशेबात 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. म्हणजे नोंद नसलेला दिवस तुमच्या प्रोग्राममध्ये कोरडा ठरला, आणि दोन छोटे खंड जोडून एक मोठा खंड तयार झाला, जो कदाचित आर्वीत पडलाच नव्हता!

उपाय सोपा आहे: गेट-डबलच्या लगेच पुढच्या ओळीत वॉज-नल विचारा, आणि तो दिवस कोरडा न धरता 'माहिती नाही' म्हणून वेगळा मोजा. पडताळणीसाठी तीच सरासरी एकदा एसक्यूएलच्या एव्हीजीने काढा, एकदा जावात. एव्हीजी नल सोडून देतं, त्यामुळे जावाची सरासरी कमी आली तर आधी नल शोधा.