लग्नाचे जुने फोटो कसे पाहावेत?



बहुतेकांच्या घरी भिंतीवर, नाहीतर पत्र्याच्या पेटीत, लग्नाचा एखादा जुना फोटो असतो. तो पाहून आपण हसतो. "आजी किती बारीक! आजोबांची टोपी बघा!" पण असा फोटो म्हणजे इतिहासाचं एक पानच आहे. ते कसं वाचायचं ते आज पाहू.

प्रथम कपडे पाहा. फार जुन्या फोटोत नवरी नऊवारी लुगड्यात असते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड! डोक्यावर पदर, नाकात नथ, हातात हिरवा चुडा. शेजारी धोतर, कोट आणि टोपी किंवा फेटा घातलेला नवरदेव. पुढे लुगड्याच्या जागी गोल साडी आली, धोतराच्या जागी पँट आली. १९७० ते १९८० च्या सुमाराच्या फोटोंत टेरिकॉटचा शर्ट, बेलबॉटम, नाहीतर सफारी दिसेल. आता शेरवानी अन् घागरा आला. गंमत म्हणजे हौसेने नऊवारीही परत आली, पण बहुधा शिवलेली! मुंडावळ्या मात्र टिकून आहेत. फुलांच्या होत्या, त्या मोत्यांच्या झाल्या, एवढंच.

मग चेहरे पाहा. कुणी हसत का नाही? पूर्वी फोटोग्राफर बहुधा तालुक्याहून बोलवावा लागे. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो निघत फक्त बारा. कुणी हललं की फोटो वाया अन् पैसेही वाया. म्हणून "हलू नका!" अशी तंबी मिळे आणि सगळे ताठ उभे राहत. आज मोबाइलवर एका लग्नाचे शेकडो फोटो निघतात, म्हणून हसणं सोपं झालं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती फोटोत चटकन दिसत नाही. ती म्हणजे नवरीचं वय. लुगडं, नथ आणि डोक्यावरचा पदर यांमुळे लहान मुलगीसुद्धा मोठी बाई वाटते. कपडे वय झाकतात.

१९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्यात मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरलं. १९४९ मध्ये मुलीचं वय १५ झालं. १९७८ मध्ये मुलीचं १८ आणि मुलाचं २१ झालं. आजही तेच आहे. म्हणजे १९७८ च्या आधीच्या फोटोतली नवरी पंधरा वर्षांची असली, तरी ते कायद्यात बसत होतं! आजच्या हिशेबाने ती नववी-दहावीतली मुलगी.

कायदा बदलला म्हणून चाल लगेच थांबली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांमागे साधारण एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गरिबी, लांबची शाळा, कामासाठी आईबापांचं गाव सोडणं, अशी त्याची कारणं आहेत. पण कोवळ्या वयात बाळंतपण आलं की आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. शाळा सुटते ती वेगळीच. असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर गुरुजींना किंवा बाईंना सांगा. १०९८ या नंबरावर फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

करून पहा : घरातला जुना फोटो घेऊन आजी-आजोबांजवळ बसा. विचारा, लग्न कोणत्या साली झालं? फोटोत कोण कोण आहे? आजी, तेव्हा तुझं वय काय होतं? तुझी शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? उत्तरं मऊ पेन्सिलीने, दाब न देता, फोटोच्या मागे लिहा. नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम उरका. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वहीतही लिहून आणा. वर्गात आपण त्यावर बोलू.