निविदेच्या लिफाफ्यात आपले नाव केव्हा?

एस.टी. महामंडळात नोकरी लागावी म्हणून आपल्या समाजातील हजारो तरुण अर्ज करतात. चालक, वाहक, यांत्रिक या पदांचा अनुशेष आपल्या संघटना मोजतात, त्यासाठी मोर्चे काढतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हेच महामंडळ टायर विकत घेते, सुटे भाग घेते, गणवेशाचे कापड घेते, बसस्थानके बांधते, त्यांची दुरुस्ती करते, गाड्या धुवून घेते, उपाहारगृहे आणि स्टॉल चालवायला देते. पगारावर जसा सरकारी पैसा खर्च होतो तसाच तो या ठेक्यांवरही होतो. त्या पैशात आपला वाटा किती, हा प्रश्न आपल्या सभांमध्ये सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न नवा मात्र नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारले आणि त्याच वर्षी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी बांधकामाच्या ठेक्यांचाही मुद्दा होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या हजाराहून अधिक कंत्राटदारांच्या यादीत अस्पृश्य समाजाचा कंत्राटदार एकच आहे, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणून दिले. नोकरीचा धागा आपण पकडला, ठेक्याचा धागा मात्र हातातून सुटला. तो पुन्हा पकडायचा तर ठेका कसा मिळतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. आज रस्ता परिवहन महामंडळ कायदा, १९५० खाली चालणाऱ्या या महामंडळाचे ३१ विभाग आणि सुमारे अडीचशे आगार आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचे हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. मोठी खरेदी मुंबई सेंट्रलच्या मध्यवर्ती कार्यालयातून होते. विभागीय पातळीवर विभाग नियंत्रकाच्या कार्यालयातून स्थानिक कामे निघतात. ज्याची उलाढाल काही लाखांची आहे त्याने बसगाड्या पुरवण्याच्या निविदेकडे पाहून निराश होण्याचे कारण नाही. त्याने आपल्या विभागाकडे पाहावे. स्थानकाची रंगरंगोटी, छताची गळती, विजेची कामे, पाण्याच्या टाक्या, वाहनतळ, स्वच्छता, स्टॉल ही कामे जिल्ह्याच्या गावीच असतात. शिवाय मोठ्या पुरवठादाराला माल देणारे लहान कारखानदारही लागतातच. तेथून सुरुवात करणे कमीपणाचे नाही.

निविदेची तयारी जाहिरात आल्यावर सुरू करणारा माणूस बहुधा हरतो, कारण मुदत थोड्या दिवसांची असते आणि कागद जमवायला महिने लागतात. म्हणून पुढील गोष्टी आजच करून ठेवाव्यात. पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, मागील तीन वर्षांची सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली हिशेबपत्रके, आयकर विवरणपत्रे, कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी व ईएसआयची नोंदणी. राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरी. ही स्वाक्षरी स्वतःच्या ताब्यात ठेवावी, दुकानदाराकडे किंवा मध्यस्थाकडे ठेवू नये. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी तर अत्यावश्यक समजावी. ती विनाशुल्क आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. तिच्यात सामाजिक प्रवर्ग अचूक लिहावा. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या आहेत. तेव्हा जातीचा दाखला राज्याच्या नमुन्याबरोबर केंद्राच्या नमुन्यातही काढून ठेवावा.

सर्वांत मोठी अडचण अनुभवाच्या अटीची. काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, हे चक्र आपल्यासाठी सर्वांत कठीण आहे, कारण बापाचा ठेकेदारीचा धंदा वारसात मिळालेला माणूस आपल्यात क्वचित. हे चक्र फोडण्याचा एक मार्ग केंद्राच्या खरेदी धोरणातून जातो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम ११ खाली केंद्राने २०१२ मध्ये आदेश काढला. केंद्रीय मंत्रालये आणि केंद्राच्या कंपन्या यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असा तो आदेश आहे. हा हिस्सा आधी २० टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीने तो २५ टक्के झाला. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. या उद्योगांना निविदेचे कागद मोफत मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. ज्याचा दर सर्वांत कमी आलेल्या दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत आहे, त्याला कमी दरावर येऊन काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते.

हा आदेश एस.टी. महामंडळाला बांधत नाही, कारण ते राज्याचे आहे. रेल्वेला मात्र तो बांधतो. रेल्वेची स्वतंत्र ई-खरेदी व्यवस्था आहे आणि केंद्राचे जेम हे संकेतस्थळ २०१६ पासून चालू आहे. रबराचे भाग, गणवेश, फर्निचर, विद्युत साहित्य बनवणाऱ्याने तेथे छोटी का होईना पण दोन-तीन कामे वेळेत पूर्ण करावीत आणि समाधानकारक कामाचा दाखला लेखी घ्यावा. तोच दाखला उद्या एस.टी.च्या निविदेत अनुभव म्हणून उभा राहतो. मात्र एक लक्षात ठेवावे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता आहे. खरेदीतील या सवलती उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहेत.

आता निविदा वाचण्याविषयी. निविदा बहुधा दोन लिफाफ्यांची असते. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा नापास झाला तर दुसरा उघडतच नाही. आपली माणसे दरावर डोके खपवतात आणि एका प्रतिज्ञापत्रापायी बाद होतात. प्रत्येक अट क्रमाने कागदावर उतरवावी आणि तिच्यासमोर आपला पुरावा लिहावा. शुद्धिपत्रके शेवटच्या दिवसापर्यंत पाहावीत. निविदापूर्व बैठक ठेवलेली असेल तर तिला जावे आणि शंका लेखी विचारावी. एखादी अट एका विशिष्ट कंपनीच्या मापाने शिवलेली दिसली तर आक्षेप तेव्हाच घ्यावा. निविदा भरून, हरून, मग अट अन्यायकारक होती असे म्हणणाऱ्याला न्यायालयात फारसा आधार मिळत नाही. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये बांधकामाच्या पात्रतेचे माप सुचवले होते. मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक तत्सम काम, आणि सरासरी वार्षिक उलाढाल ३० टक्के. हे माप केंद्राच्या संस्थांसाठी असले तरी त्याहून कितीतरी जड अट दिसली, तर तिचे कारण विचारण्यास ते उपयोगी पडते.

दर भरताना आम्हाला एक गोष्ट विशेष सांगायची आहे. स्थानकाच्या आणि गाड्यांच्या स्वच्छतेचा ठेका निघतो तेव्हा झाडू बहुतेक वेळा आपल्याच माणसांच्या हातात असतो, आणि नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. तो ठेका आपल्या बचत गटाने, आपल्या सहकारी संस्थेने का घेऊ नये? जरूर घ्यावा. पण काम मिळवण्यासाठी किमान वेतनाच्या खाली जाणारा दर भरून आपल्याच बहिणीची मजुरी कापायची असेल, तर मालक बदलला, शोषण तेच राहिले. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, साहित्य, कर आणि बिल उशिरा मिळाल्यास लागणारे व्याज यांची बेरीज आधी करावी. तिच्या खाली कोणी दर भरला तर तो कामगारांच्या पोटातून काढणार हे उघड आहे, आणि तसा लेखी आक्षेप घेता येतो. मैला टाकीत माणूस उतरवण्यास तर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ती अट कोणत्याही दराने मोडता कामा नये.

दुसरे दुखणे बेनामीचे. जातीचा दाखला आपला, पैसा आणि कारभार दुसऱ्याचा, असे प्रस्ताव घेऊन लोक येतात. केंद्राच्या धोरणात भागीदारीत किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा असावा लागतो. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सही देणाऱ्याला पुढे कर, दंड आणि काळी यादी हे सर्व स्वतःच्या नावावर भोगावे लागते. समाजाच्या नावावरचा हक्क असा भाड्याने देणे म्हणजे खऱ्या उद्योजकाचा घास काढून घेणे होय.

अन्याय झाला तर काय करावे? रमणा शेट्टी खटल्याचा १९७९ चा निकाल प्रत्येक ठेकेदाराने माहीत करून घ्यावा. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची नोंदणीकृत हॉटेलचालकाची अट होती आणि ठेका मात्र ती अट पूर्ण न करणाऱ्याला दिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिलाही बांधते. ती खासगी मालकासारखी मनाला येईल त्याला ठेका देऊ शकत नाही. परंतु अर्जदार काही महिने उशिरा न्यायालयात आला आणि तोवर दुसऱ्याने खर्च केला होता, म्हणून त्याला दाद मिळाली नाही. तत्त्व जिंकले, माणूस हरला. याचा बोध असा की, अपात्र ठरवल्याचे कळताच त्याच आठवड्यात कारणे लेखी मागावीत, माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मूल्यमापनाचा तक्ता मागावा आणि वकिलाकडे जाण्यास उशीर करू नये. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९७५ पासून सांगितलेले आहे.

ठेका मिळाला तरी लढाई संपत नाही, कारण लहान उद्योजक बिलाच्या वाटेवर मरतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. त्यासाठी सुलभीकरण परिषदेकडे जाता येते आणि परिषदेचा निवाडा आव्हानित करणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. केरळच्या राज्य परिवहन महामंडळाला टायरवर चढवण्याचे रबर पुरवणाऱ्या उद्योगांचा वाद याच कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्या २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, करारानंतर नोंदणी करून मागील व्यवहारासाठी हा लाभ मागता येत नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. पीठ काहीही म्हणो, शहाण्याने नोंदणी आधी करावी आणि सही नंतर. तसेच बांधकामाच्या एकत्रित ठेक्यांना हा कायदा लागू नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. अशा ठेक्यात बिलांची मुदत करारातच लिहून घ्यावी.

एवढे सगळे करूनही एक भिंत उरते, ती धोरणाची. शेजारच्या कर्नाटकाने आपल्या पारदर्शकता कायद्यात दुरुस्ती करून २०१७ पासून ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखून ठेवली. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीपर्यंत नेली. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात असा कायदा नाही. आपल्याकडे बांधकाम खात्याच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना ठरावीक वाटा दिला जातो. म्हणजे वाटा ठरवून देणे सरकारला अशक्य नाही, हे सरकारनेच सिद्ध केले आहे. मग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा वाटा ठरवताना हात का आखडतो?

दुसरी मागणी कामांच्या आकाराची. अनेक विभागांची कामे एकत्र बांधून एकच प्रचंड निविदा काढली की लहान माणूस दारातच अडतो. भाडेतत्त्वावर १३१० बस घेण्याची एस.टी.ची प्रक्रिया २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनाच थांबवावी लागली. मोठ्या निविदेत स्पर्धा आपोआप होते हा समज यानंतर तरी सोडावा. बसगाड्यांचे ठेके मोठे असणे समजू शकते. स्वच्छता, दुरुस्ती, स्टॉल यांचे ठेके विभागवार, आगारवार निघालेच पाहिजेत.

चळवळीने या दोन मागण्या आपल्या यादीत घ्याव्यात. त्याचबरोबर प्रत्येक जिल्ह्यात एक वकील, एक सनदी लेखापाल आणि एक निवृत्त अभियंता यांनी महिन्यातून एक दिवस विहारात बसून तरुणांचे निविदेचे कागद तपासून द्यावेत. याला निधी लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. नोकरीच्या अर्जासाठी आपण अभ्यासिका उभ्या केल्या, आता निविदेच्या अर्जासाठीही त्याच अभ्यासिकेत एक टेबल मांडू या. बाबासाहेबांनी १९४२ साली दाखवलेल्या त्या यादीत आपले नाव एकच होते. ते वाढवणे आपल्या हाती आहे.

जय भीम!