हक्काची भाकर : लंडनच्या ज्यू समाजसेवेची दोन शतके

ज्यू समाजात गरजूला दिलेल्या मदतीला 'त्सदाका' म्हणतात. मराठीत तिला दानधर्म म्हणावेसे वाटते, पण तो शब्द पुरता बसत नाही. हिब्रूत 'त्सेदेक' म्हणजे न्याय, आणि त्सदाका त्याच धातूतून आली आहे. शेताच्या कडेचे पीक कापायचे नाही, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवायचे, अशी आज्ञा तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच आहे. कडेचे ते पीक मुळात गरिबाचेच असते. शेतकरी ते त्याला देत नाही, त्याच्यासाठी राखतो एवढेच.

या आज्ञेचा पुढे गावोगावी एक व्यवहार बनला. साधारण अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात दोन सोयींचा उल्लेख येतो. 'कुप्पा' म्हणजे दर आठवड्याला वाटला जाणारा पैशांचा निधी आणि 'तमखुई' म्हणजे रोजचे अन्नछत्र. निधी गोळा करायला किमान दोघांनी जायचे आणि वाटप तिघांनी मिळून करायचे, म्हणजे कुणा एकाच्या मर्जीवर काही राहत नाही. जेरुसलेमच्या मंदिरात एक खोली अशी होती की देणारा तिथे गुपचूप पैसे ठेवून जाई आणि चांगल्या घरचा पण अडचणीत आलेला माणूस गुपचूप घेऊन जाई. बाराव्या शतकातील विद्वान मैमोनिदीस यांनी मदतीच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणे ही सर्वांत खालची. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम मिळवून देणे, की ज्यामुळे त्याला पुन्हा मागायची वेळच येऊ नये. याखेरीज आणखी एक नियम आहे, आणि तो या सगळ्यांत विलक्षण म्हणावा लागेल. जो स्वतः त्सदाकेवर जगतो त्यानेही त्सदाका द्यायची असते. गरीब आहे म्हणून देण्याचा मान त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

पैशांपलीकडची सेवाही याच परंपरेतली. आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य मानले जाते, आणि भेटायला आलेला माणूस दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो असे तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो. मृताला आंघोळ घालून कफन नेसवणारी मंडळी प्रत्येक वस्तीत असत, आजही असतात. या सेवेला खरी माया म्हणतात, कारण मेलेला माणूस उपकाराची फेड करू शकत नाही. एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता, की नातेवाईक प्रेत टाकून पळू लागले. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या धर्मगुरूने स्वतःला साध्या तागाच्या कापडात पुरावे असे सांगून ठेवले. तेव्हापासून श्रीमंत-गरीब सगळ्यांचे कफन सारखेच.

लंडनमध्ये या परंपरेला आधुनिक संस्थेचे रूप आले, आणि तिची कसोटीही तिथेच लागली. १२९० मध्ये इंग्लंडमधून हाकलले गेलेले ज्यू १६५६ नंतर तिथे पुन्हा उघडपणे राहू लागले. आपला गरीब सरकारच्या गळ्यात पडू द्यायचा नाही, ही अशा वस्त्यांची जणू अट असे. अटलांटिकपलीकडे न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, डच कंपनीने १६५५ मध्ये ही अट चक्क लेखी घातली होती. लंडनमध्ये प्रत्येक सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, आपापल्या सभासदांतील गरिबांकडे पाही. पण जो कुठल्याच सिनेगॉगचा सभासद नव्हता त्याचे काय? नव्याने आलेला फेरीवाला, जुने कपडे विकणारा, विधवा अशांना एका दारावरून दुसऱ्या दारावर पाठवले जाई. हा घोळ मिटवण्यासाठी तीन मोठ्या सिनेगॉगांनी १८५९ मध्ये एकत्र येऊन 'ज्यूइश बोर्ड ऑफ गार्डियन्स' स्थापन केले. पुढाकार घेतला तो इफ्रेम ॲलेक्स यांनी. ते व्यवसायाने दंतवैद्य होते. त्यांच्या जोडीला चिटणीस म्हणून लायोनेल लुई कोहेन आले.

बोर्डाचे सभासद बिनपगारी होते. अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करायची, मंडळासमोर प्रकरण मांडायचे आणि काय द्यायचे ते ठरवायचे, अशी त्यांच्या कामाची रीत. त्यात मैमोनिदीस यांची वरची पायरी स्पष्ट दिसते. रोख रक्कम वाटण्यापेक्षा धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज दिले जाई, मुलांना कारागिरांच्या हाताखाली उमेदवारीला लावले जाई, शिवणयंत्रे हप्त्याने मिळत. लंडनच्या ईस्ट एंड या गरीब वस्तीतील शिंप्याच्या घरात शिवणयंत्र म्हणजे कुटुंबाची भाकर होती. पुढे बोर्डाने स्वतःचे आरोग्य निरीक्षक नेमले. ते चाळींसारख्या कोंदट इमारतींतली गटारे आणि संडास तपासत, घरमालकामागे दुरुस्तीचा तगादा लावत आणि क्षयाच्या रुग्णांची खबर ठेवत.

याच सुमारास लंडनच्या ज्यू संस्थांचा धागा मुंबईपर्यंत पोचला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने बेने इस्राएल या ज्यू समाजाने मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू केले. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या मुलांची ही शाळा. लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला अनुदान दिले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय तर मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातले आहे. त्याचे दार पहिल्यापासून सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना खुले राहिले.

१८८१ नंतर लंडनमधील चित्र पालटले. रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि बोटी भरभरून निर्वासित थेम्सच्या धक्क्यावर उतरू लागले. इथे बोर्डाचा हात आखडला. एवढे लोक आले तर इंग्रज समाज बिथरेल, ही धास्ती जुन्या स्थिरावलेल्या घराण्यांना होती. देशात सहा महिने राहिल्याशिवाय मदत नाही, असा नियम लावला गेला. हजारोंना परतीचे तिकीट देऊन माघारी पाठवण्यात आले. १८८८ मध्ये ब्रिटनचे प्रमुख रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नेथन ॲडलर यांनी पूर्व युरोपातील रब्बींना पत्र धाडले की तुमच्या लोकांना इकडे येण्यापासून परावृत्त करा. भीती समजण्यासारखी होती. तरीही ज्यांच्यासाठी शेताची कड राखायची त्यांनाच कुंपणाबाहेर ठेवले गेले, हे नाकारता येत नाही.

याच काळात बोर्डाबाहेरचा एक माणूस पुढे आला होता. लोक त्याला सिम्खा बेकर म्हणत, कारण त्याची पावाची भट्टी होती. रात्रभर पेटत्या भट्टीमुळे तिथे ऊब असे. आसरा नसलेल्या निर्वासितांना तो तिथे झोपू देई, चहा-पाव देई. ना अर्ज, ना चौकशी. बोर्डाच्या लोकांनी पाहणी केली, जागा अस्वच्छ ठरवली आणि १८८५ मध्ये ती बंद पाडली. ईस्ट एंडमध्ये संतापाची लाट उसळली. अखेर हर्मन लँडाऊ, सॅम्युएल मॉन्टेग्यू आणि एलिस फ्रँकलिन या सधन मंडळींनी त्याच वर्षी 'पुअर ज्यूज टेम्पररी शेल्टर' उभारले. तिथे जास्तीत जास्त चौदा दिवस राहता येई, दोन वेळचे जेवण मिळे. संस्थेची माणसे धक्क्यावर जाऊन नव्याने उतरलेल्यांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे यिडिशमध्ये, गाठत आणि लुटारू दलालांपासून वाचवत. एका पाववाल्याच्या मायेतून ही संस्था उभी राहिली हे खरे, पण तिला टिकवण्यासाठी पैसा आणि शिस्तही लागली.

ईस्ट एंडमधील ब्रून स्ट्रीटवरची एक इमारत या काळाची साक्ष आजही देते. दर्शनी भागावर 'ज्यू गरिबांसाठी सूप किचन' अशी इंग्रजी अक्षरे कोरली आहेत, वर सुपाच्या भांड्याचे उठावशिल्प आहे. बाजूला १९०२ हे इसवी सन आणि ५६६२ हे ज्यू वर्ष, दोन्ही आहेत. आत जाण्याचे दार वेगळे, बाहेर पडण्याचे वेगळे, आणि दोन्हींवर तसे लिहिलेले. मूळ संस्था १८५४ ची. माणसे घरून डबे, किटल्या, जग घेऊन येत आणि कुटुंबातल्या माणसांच्या हिशेबाने सूप व पाव घेऊन जात. अन्न कोशेर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे बनवलेले असे. निर्वासिताच्या दृष्टीने ही बाब मोठी होती. सरकारी गरीबखान्यात पोट भरले असते, पण तिथे ज्यू माणसाला एक तर उपाशी राहावे लागे, नाही तर धर्म मोडावा लागे. हे सूप किचन १९९२ पर्यंत चालले. आता त्या इमारतीत सदनिका आहेत.

१९३३ मध्ये नाझी जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंना घेण्याबाबत ब्रिटिश सरकारशी बोलताना लंडनच्या ज्यू नेत्यांनी पुन्हा जुनीच हमी दिली की एकाही निर्वासिताचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही. ती निभावण्यासाठी त्यांनी निधी उभा केला. १९३८-३९ मध्ये सुमारे दहा हजार मुले आईवडिलांविना ब्रिटनमध्ये आली. त्यांच्यासाठी घरे शोधणे आणि त्यांना स्टेशनवर उतरवून घेणे ही कामे ज्यू स्वयंसेवकांच्या बरोबरीने क्वेकर आणि इतर ख्रिस्ती मंडळींनीही केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने आरोग्य आणि पेन्शनची जबाबदारी उचलली. ज्यू वस्तीही ईस्ट एंड सोडून गोल्डर्स ग्रीन, हेंडनकडे सरकली. उपाशी निर्वासिताच्या जागी एकटी राहणारी म्हातारी माणसे, मानसिक आजाराने ग्रासलेले आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आले. बोर्डाने १९६० च्या दशकात 'ज्यूइश वेल्फेअर बोर्ड' असे नाव घेतले. १९९० मध्ये १८१९ पासून अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी ते एक झाले आणि 'ज्यूइश केअर' जन्माला आली. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २ लाख ७१ हजार ज्यू आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक लंडनमध्ये. संस्थेचा पसारा त्यामुळेच तिथे आहे : वृद्धनिवास, दिवसभराची केंद्रे, मदतीचा दूरध्वनी. पगारी कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतले कित्येक ज्यू नाहीत. काही खर्च स्थानिक नगरपालिका उचलते, काही रहिवासी स्वतः भरतात, उरलेला देणग्यांतून निघतो.

स्वयंसेवकाचे काम वरवर पाहता साधे वाटते. केंद्रात येणाऱ्यांना गाडीतून आणणे, जेवण वाढणे, पत्ते खेळणे, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एकट्या माणसाला फोन करणे किंवा घरी जाऊन तासभर बसणे. पण कुणालाही लगेच कामाला लावले जात नाही. पोलिसांकडील नोंदी तपासल्या जातात, ओळखीच्यांकडे विचारणा होते, प्रशिक्षण दिले जाते. पैशांचे व्यवहार करायचे नाहीत, औषध द्यायचे नाही, घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, काही खटकले तर कार्यालयाला कळवायचे, या मर्यादा पक्क्या असतात. सगळ्यांत जास्त महत्त्व नियमितपणाला असते. मंगळवारी अकराला येणारा माणूस दोनदा न सांगता चुकला, तर वाट पाहणाऱ्याचा सगळा आठवडा कोसळतो. उत्साही पण बेभरवशाच्या माणसापेक्षा शांत, वेळ पाळणारा माणूस अशा संस्थांना हवा असतो.

सरकारी सोयी असताना वेगळी ज्यू संस्था कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर शुक्रवारी संध्याकाळी मिळते. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होण्याआधी टेबलावर पांढरी चादर अंथरली जाते, वेणीसारखे गुंफलेले दोन पाव झाकून ठेवले जातात, दिवे लावले जातात, आणि मग द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला जातो. ज्या आजीला सकाळी मुलीचे नाव आठवत नव्हते ती कधीकधी हा आशीर्वाद अखंड म्हणते. लहानपणी तोंडी बसलेले शब्द स्मृतिभ्रंशातही उशिरापर्यंत टिकतात. पण ते बाहेर येण्यासाठी समोर तोच पाव, तेच दिवे आणि सोबतीला म्हणणारा एक आवाज असावा लागतो.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची देखभाल हे सर्वांत नाजूक काम. त्यांच्यासाठी वेगळे केंद्र आहे. वय वाढले की अलीकडचे विसरते आणि जुने वर येते, त्यामुळे काळजी घेणाऱ्याला लहान लहान गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुणाला शॉवरची भीती वाटते, म्हणून बादलीने आंघोळ घालायची. जेवणासाठी रांग लावायची नाही. कुत्र्याचे भुंकणे, गणवेश, हातातल्या याद्या यांनी माणूस थरथरू लागतो. कुणी उशीखाली पावाचे तुकडे दडवून ठेवले असतील तर रागावून काढून घ्यायचे नाहीत. उद्याही पाव मिळेल हे रोज वेळेवर पाव आणून देऊन पटवायचे, आणि जुना तुकडा त्यांच्या संमतीने बदलायचा.

यातल्या अनेकांनी वयाच्या ऐंशी-नव्वदीतही शाळांमध्ये जाऊन आपली हकीकत मुलांना सांगितली. त्या दिवशी गाडी चालवणारा स्वयंसेवक त्यांना शाळेच्या दारापर्यंत सोडतो आणि वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकतो. पुढे उभे राहून बोलणारे असतात ते, ज्यांना केंद्रात जेवण वाढले जाते.