मधली चावी

उत्तर फ्लोरिडातल्या गिनी स्प्रिंग्जच्या वाहनतळावर सकाळी जोडटाक्यांच्या रांगा लागतात. झऱ्याचं पाणी बारमाही 22 अंशांच्या आसपास आणि तळ दिसेल इतकं नितळ. गुहेत शिरायला आलेले डायव्हर टाक्यांच्या आकारापेक्षा त्यांच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हवर जास्त हुज्जत घालताना दिसतात, आणि ते रास्तच आहे. तारकर्लीला उथळ पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला एक टाकी पुरते. काही बिनसलं तर वर मोकळी हवा असते. गुहेत डोक्यावर दगड. जे बिघडेल ते तिथल्या तिथे, आपल्याच हातांनी निस्तरायचं.

म्हणून टाक्या दोन. त्या नेण्याची सर्वांत साधी तऱ्हा सुट्या टाक्यांची. प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि गेज. भाड्याच्या कुठल्याही दोन टाक्या पट्ट्यांनी बांधता येतात, म्हणून फिरतीवरच्या माणसाला ती सोयीची. पण हवा दोन्हींतून समान संपावी म्हणून रेग्युलेटर सतत अदलाबदल करत राहायचं, आणि एक बिघडला की त्या टाकीतली हवा असून नसल्यासारखी. बहामातल्या ॲन्ड्रॉस बेटाच्या ब्लू होल्समध्ये उतरणाऱ्या जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने जो आडवा दांडा ओळखला जातो, त्याने हे दुखणं दूर केलं. टाक्या आतून जोडलेल्या, रेग्युलेटरची तोंडं दोन. एक तोंड बंद केलं तरी दोन्ही टाक्यांतली हवा दुसऱ्यातून मिळते. मात्र दांड्याची किंवा टाकीच्या गळ्याची ओ-रिंग गेली, की दोन्ही टाक्या रिकाम्या होतात.

म्हणून दांड्याच्या मधोमध आणखी एक व्हॉल्व्ह आला: आयसोलेटर. सोसायटीच्या गच्चीवरच्या दोन टाक्या जोडणाऱ्या पाइपावर चावी असते, तसाच. एका बाजूने गळती लागली की ती फिरवायची, निम्मी हवा वाचते.

निम्मी म्हणजे किती? 12 लिटरच्या दोन टाक्या 200 बारपर्यंत भरल्या तर साधारण 4800 लिटर हवा. वर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला 30 मीटरवर 80 लागते. गुहांमध्ये डायव्हिंग करणारे शेक एक्सली यांनी 1979च्या पुस्तिकेत आग्रहाने मांडलेल्या तिहाईच्या नियमाने जाताना एक तृतीयांश, म्हणजे 1600 लिटरच वापरायची, म्हणजे वीस मिनिटं. परतीच्या वाटेवर निम्मी हवा हाताशी असणं म्हणजे काय, ते या हिशेबावरून कळतं.

मी स्वतः आयसोलेटरवाला आहे, पण एका अटीवर: त्या चावीपर्यंत हात पोचला पाहिजे. गुहेत जाण्याआधी उथळ पाण्यात व्हॉल्व्ह ड्रिल करतात, ते जवळून पाहावं. मान मागे, कोपर पुढून वर, बोटं डोक्यामागे चाचपडत चावी शोधतात. उजवी बंद होत येते तसा श्वास जड होतो, मग गळ्यातला दुसरा रेग्युलेटर तोंडात. जाड ड्रायसूट घातलेल्या माणसाचा हात मधल्या चावीच्या चार बोटं अलीकडे अडलेला दिसतो. बाजारात लवचीक दांड्याची लांब चावी मिळते. जुने डायव्हर तिला ‘स्लॉब नॉब’ म्हणून हिणवतात, कारण ती गुहेत वाट दाखवणाऱ्या दोरीत अडकते. त्यापेक्षा टाक्यांचे पट्टे दोन-तीन सेंटीमीटर खाली सरकवावेत, टाक्या वर येतात आणि चाव्याही. पुढे तोल थोडा डोक्याकडे जातो, तो सांभाळता येतो.

छताला घासत पुढे जाताना डावी चावी बंद व्हायच्या दिशेने फिरते, उजवी उघडायच्या. म्हणून लांब होजचा मुख्य रेग्युलेटर उजवीकडे. गेज मात्र डावीकडे असतो, आणि डावी चावी नकळत बंद झाली की काटा जागच्या जागी थबकतो. हवा छान टिकतेय असं वाटलं की आधी तिकडे हात न्यावा. कडक प्लॅस्टिकची चावी आपटून फुटू शकते. रबराची मार सोसते, पण घासून फिरतेही लवकर. मला रबराचीच बरी वाटते.

काही जण आयसोलेटर जेमतेम उघडा ठेवतात, लवकर बंद करता यावा म्हणून. हा शहाणपणा माझ्या गळी उतरत नाही. तो चुकून बंद राहिला आणि टाक्या भरायला दिल्या, तर एकच टाकी भरते. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, असेल तर तपासलेलं मिश्रण एका टाकीतलं आणि श्वासात दुसऱ्या टाकीतलं. तो पूर्ण उघडाच असावा, आणि भरण्याआधी व पाण्यात शिरण्याआधी हाताने फिरवून खात्री करावी.

खरेदीचं बाकी थोडक्यात: रेग्युलेटर 300 बारचा डीआयएन, म्हणजे आट्यांनी बसणारा, असेल तर तो 200च्या व्हॉल्व्हलाही बसतो, उलटं जमत नाही. टाकीचा व्यास 18 सेंटीमीटरच्या आसपास आहे की 20च्या, त्यावर दांड्याची लांबी ठरते. पैसे मोजण्याआधी ड्रायसूट घालून, कुणाच्या तरी टाक्या पाठीवर चढवून तिन्ही चाव्या फिरवून पाहा. मधली हाती लागत नसेल, तर तूर्त गुहेचा बेत पुढे ढकला.