मोटारीतील हीटरचा गाभा

थंड प्रदेशातील मोटारीची पुढील काच आतून वारंवार धुरकट होऊ लागली, पुसताना ती बोटांना तेलकट लागली आणि गाडीत गोडसर वास येऊ लागला, तर हीटरचा गाभा गळत असावा असे समजावे. पुढील जाजमही ओले असेल, तर संशय बळावतो.

हा गाभा म्हणजे एक लहानसा रेडिएटरच होय. इंजिन थंड ठेवणारे पाणी व ग्लायकॉल यांचे तप्त मिश्रण त्याच्या नळ्यांतून वाहते आणि पंख्याची हवा त्याच्या पत्र्यांमधून जाताना तापते. बाहेरची ताजी हवा अशा रीतीने तापवून आत घेण्याची योजना अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली आपल्या गाड्यांत आणली. आजच्या पुष्कळ गाड्यांत हीटर बंद असतानाही मिश्रण गाभ्यातून फिरतच असते. झडप केवळ हवेची वाट बदलते. म्हणून हीटर कधीही न लावणाऱ्या मुंबईकराच्या गाडीतही ही गळती संभवते.

गाभा फारसा महाग नसतो. महाग पडते ती मजुरी. कारखान्यात हीटरची पेटी आधी बसवितात आणि डॅशबोर्ड तिच्यावर मागाहून चढवितात. तो उतरवावयाचा म्हणजे सुकाणूचा दांडा, तारांची जुडगी, हवापिशव्या या सर्वांना हात लावणे आले. शिवाय वातानुकूलनाचा शीतक बहुधा त्याच पेटीत असतो. पेटी काढण्यापूर्वी त्यातील वायू यंत्राने काढून साठवावा लागतो. तो हवेत सोडण्यास अमेरिकेत १९९२ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली.

यातून आडवाट निघते ती अशी की, पेटी जागीच ठेवून गाभा तेवढा बाजूने ओढून घ्यावयाचा. काही गाड्यांत त्यासाठी पेटीला झाकणच असते; हातकप्पा किंवा पायाजवळचे आवरण काढले की ते दिसते. जेथे ते नसते तेथे काही कारागीर पेटीचे प्लॅस्टिक कापून वाट करतात. हे धाडसाचे काम आहे, कारण आतील झडपा व शीतक पात्याच्या अगदी जवळ असतात.

इंजिन पूर्ण निवल्यावाचून रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे मिश्रण अंगावर उसळून भाजते. हवापिशव्यांच्या गाडीत बॅटरीची तार सोडून पुस्तिकेत सांगितलेला अवधी जाऊ द्यावा. मिश्रण भांड्यात काढून झाकून ठेवावे. ग्लायकॉल विषारी असून गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. रबरी नळ्या चिकटल्या असल्यास आधी पिळून सैल कराव्यात, न जमल्यास उभ्या चिराव्यात. हिसका दिल्यास गाभ्याची नाजूक नळी वाकते अथवा तुटते. जुन्या गाभ्याभोवतीची स्पंजाची पट्टी नव्याला लावावयास विसरू नये, नाहीतर थंड हवा त्याला वळसा घालून जाते आणि नवा हीटरही ऊब देत नाही.

पुन्हा मिश्रण भरताना हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवावा व पुस्तिकेतील रीतीने अडकलेली हवा काढावी. हवा राहिली तर इंजिन तापते. आवरणे लावण्यापूर्वी इंजिन चालवून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा.