डाळ कुठली, वहिनी?

परदेशी जाऊन आलो म्हटल्यावर गावच्या पारावर पहिला प्रश्न आला तो असा : "साहेब, तिकडं खायला काय मिळतं?" विमान कसे होते, समुद्र किती निळा होता, हे सगळे मागाहून. आधी पोटाचे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न अगदी बरोबर वाटतो, म्हणून मीही तुम्हाला आधी खाण्याचेच सांगणार आहे. मात्र त्या खाण्यात एक खडा लागला. तोही सांगितल्याशिवाय राहवणार नाही, कारण तो माझ्याच ताटातला आहे.

आम्ही दोघे, म्हणजे मी आणि सौ., गेल्या नोव्हेंबरात बारा दिवस मॉरिशसला जाऊन आलो. सहल-कंपनीबरोबर नव्हे, हॉटेलातही नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो.

ओळख कशी झाली?

२०१७ साली मी रत्नागिरी जिल्ह्यात नेमणुकीवर होतो. एके दिवशी कचेरीत एक वयस्कर जोडपे आले. गृहस्थांच्या हातात एका जुन्या नोंदीची नक्कल होती. मॉरिशसमध्ये मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे. ऊसमळ्यांवर करार करून गेलेल्या हिंदी मजुरांची दप्तरे तिथे जपून ठेवली आहेत. त्या दप्तरातून त्यांनी आपल्या पणजोबांचे नाव, बापाचे नाव आणि गाव शोधून काढले होते. पंचाईत एवढीच की गावाचे नाव त्या वेळच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले. तीन वेगवेगळ्या गावांना ते लागू पडत होते!

आम्ही तिन्ही गावे हिंडलो. कोणते खरे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्या निमित्ताने ती दोघे दोन दिवस आमच्याकडे राहिली. सौ.ने पुरणपोळी केली. पहिला घास घेताच त्या बाई चमकल्या आणि म्हणाल्या, "ही तर आमची दाल पुरी! पण गोड कशी?" तेव्हापासून येणे-जाणे नाही तरी फोन सुरू झाला. त्यांची नावे छापू नयेत अशी त्यांची इच्छा आहे. आपण त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणू.

बेटाची तोंडओळख

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. ज्वालामुखीतून तयार झालेली जमीन, त्यामुळे दगड आपल्यासारखाच काळा.

आणि जिकडे पाहावे तिकडे ऊस! शेतांच्या मधोमध दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात, एखाद्या देवळाच्या शिखराएवढे उंच. भाऊंनी गाडी थांबवून दाखवले. "हे आमच्या आज्या-पणज्यांच्या हातचे," ते म्हणाले. दगड वेचल्याशिवाय ऊस लावताच येत नव्हता. गुलामगिरी १८३५ मध्ये उठली. मळेवाल्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून करारावर नेली गेली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांत आपल्या कोकणातली, घाटावरची माणसे होती. राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून ती माणसे वर आली, त्या आजही आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिची जागतिक वारशात नोंद झाली. २ नोव्हेंबरला त्या माणसांच्या आठवणीखातर देशभर सुट्टी असते. आम्ही त्या पायऱ्या चढलो तेव्हा सौ.ने चपला काढून हातात घेतल्या. मी कारण विचारले नाही.

आता खाण्याचे

भाऊंचे घर दक्षिणेला, माएबूर गावाजवळ. सोमवारी तिथे मोठा आठवडी बाजार भरतो. बाजारात शिरलो आणि सौ.चा परदेश तिथेच संपला. माठ, अळू, शेवग्याचा पाला, दोडका, कारले, भोपळा, कोथिंबीर, सगळे ओळखीचे! पालेभाजीला तिथे सरसकट 'ब्रेद' म्हणतात. माठ म्हणजे ब्रेद मालबार, शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरुम. शेवग्याच्या पाल्याचे लसूण-आले घालून पातळ कढण करतात आणि भाताबरोबर घेतात. आपण शेंगा तोडतो आणि पाला शेळीला घालतो. त्यांनी पालाही सोडला नाही.

टोमॅटोला त्यांच्या भाषेत म्हणतात 'पोमदामूर', म्हणजे प्रेमाचे सफरचंद. हे ऐकून सौ. भर बाजारात इतकी हसली की भाजीवालीही हसू लागली. या टोमॅटोचा कांदा, लसूण, मिरची घालून दाट रस्सा करतात, तो 'रुगाय'. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर डाळीचे वडे तळतात. चव थेट आपल्या डाळवड्याची, पण खातात पावात लोणी लावून. दुपारी उन्हात 'अलूदा' मिळतो : थंड दूध, त्यात भिजलेला सब्जा आणि चिनी गवताची जेली. अननस देठाला धरून खाता येईल असा सोलून, वर तिखट-मीठ लावून देतात. जवळच साबुदाण्याच्या कंदाची बिस्किटे करणारा एक छोटा कारखाना आहे, १८७० सालचा. बिस्किटांची भट्टी उसाच्या पाचटावर चालते. पाचट जाळू नका म्हणून गावोगाव सांगणारा मी, तिथे मात्र गप्प उभा राहिलो!

पण त्या देशाचा खरा राजा म्हणजे दाल पुरी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे ती खातात. सायकलवर काचेची पेटी बांधून विकणारे आहेत, तशी मोठी दुकानेही आहेत. नेहमी जोडीने देतात. दोन पुऱ्या, मध्ये वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, रुगाय, लोणचे, मिरचीचा ठेचा. गुंडाळी करून कागदात. उभ्याने खायची.

वहिनींनी सौ.ला शिकवलेली कृती भगिनींसाठी देतो. पिवळ्या वाटाण्याची डाळ एक वाटी घ्यावी. हळद-मीठ घालून, बोटाने दाबल्यास फुटेल पण गाळ होणार नाही एवढीच शिजवावी. पाणी निथळून बाजूला ठेवावे, टाकू नये. डाळ गार झाल्यावर कोरडीच बारीक करून तीत भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावी. दोन वाट्या मैदा त्या निथळलेल्या पाण्यात, थोडे तेल घालून सैलसर मळावा आणि अर्धा तास झाकून ठेवावा. मग पुरणपोळीसारखी भरून पातळ लाटावी. तव्यावर तेलाचा हात फिरवून, डाग पडू न देता मऊ भाजावी. हरभऱ्याच्या डाळीचीही चांगली होते, हे आम्ही परत आल्यावर करून पाहिले आहे.

ताटातला खडा

ही पुरी करतानाच गोष्ट घडली. डाळ निवडता निवडता सौ.ने सहज विचारले, "डाळ कुठली, वहिनी? शेतातली का?"

वहिनी म्हणाल्या, "नाही गं. बाहेरून येते."

"आणि मैदा?"

"गहूही बाहेरचा."

"तांदूळ?"

वहिनी हसल्या. "तोही बाहेरचा. तुमच्याकडून सुद्धा येतो."

सौ. काही बोलली नाही. तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. ते पाहणे कशाचे होते, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी ओसरीवर मी भाऊंकडे विषय काढला. ते म्हणाले, "ऊस उगाच नाही लावला आम्ही. वादळ आले की बाकी पीक झोपते ते झोपते. ऊस झोपतो आणि पुन्हा उठतो." खरे आहे. १९६० च्या कॅरोल वादळाने बेट झोडपले, त्या आठवणी अजून सांगतात. शिवाय भाव होता. १९७५ च्या करारानुसार युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेई. त्या पैशावर शाळा झाल्या, दवाखाने झाले, भाऊंचे घर झाले. मग २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. २००९ मध्ये करारच संपला. एकोणिसाव्या शतकात बेटावर अडीचशेच्या आसपास लहानमोठे कारखाने होते, आज तीन उरले आहेत. हजारो लहान बागायतदारांनी ऊस सोडला. भाऊंची पाच आर्पां जमीन. आर्पां हे तिथले माप, आपल्या एकराहून किंचित मोठे. त्यातल्या तीन आर्पांत आता रान माजले आहे. एक मुलगा हॉटेलात, दुसरा परदेशी.

"आणि २०२०?" मी विचारले. वहिनीच पुढे आल्या. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे तिथे मोठी दुकाने आणि बेकऱ्यासुद्धा बंद झाल्या. आठ-दहा दिवसांनी दुकाने उघडली, ती आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वार ठरवून. आठवड्यातून दोन दिवस एका आडनावाचे. "पैसे होते गं घरात," वहिनी म्हणाल्या, "पण ते दहा दिवस आम्ही परसातला शेवगा आणि भोपळा खाऊन काढले." पुढे २०२३ मध्ये आपल्या सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. मॉरिशससाठी १४,००० टनांची खास परवानगी द्यावी लागली. आपल्याला ती बातमी चार ओळींची होती. त्यांच्या घरात ती रोज बोलली जात होती.

बंधुभगिनींनो, बेटाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना जमीन थोडी, वादळे फार. आता ते उसाच्या ओळींत बटाटा घेतात, भाजीपाला वाढवतात, उसाच्या बगॅसपासून वीज करतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मला लिहायचे आहे ते माझ्याबद्दल.

माझा हिशेब

वाळवा तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. धाकटा भाऊ पाहतो. आमचे लग्न झाले तेव्हा तिच्या एका टोकाला दहा गुंठे 'घरापुरते' असत. ज्वारी, तूर, चवळी, बांधावर घेवडा. सौ.चा त्या तुकड्यावर जीव होता. पुढे पाणी आले. मी बी.एस्सी. झालेला माणूस! कागद घेऊन हिशेब मांडला : एकरी चाळीस टन धरला तर दहा गुंठ्यांत दहा टन ऊस. तूर-चवळीचे काय मिळते? तुकडा मोडला, ऊस लावला. सौ. तेव्हा एवढेच म्हणाली, "तुम्ही हिशेबात डाळ धरली नाही." मी हसण्यावारी नेले. त्याला वीस वर्षे झाली. आज आमच्या घरात तूरडाळ किराणा दुकानातून येते, ज्वारीही येते. दुकानदार विचारतो, "अहो, तुम्ही शेतकरी ना?"

वहिनींच्या स्वयंपाकघरात सौ.ने माझ्याकडे पाहिले ते यासाठी. बेटाला समुद्राचे कारण होते. मला कोणते होते?

परत आल्यावर धाकट्याशी बोललो. तो म्हणाला, "दादा, ऊस लाव म्हणून तूच सांगितलंस. आता तूच मोड म्हणतोस?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उसाचे पैसे एकरकमी येतात, तुरीचे तसे नाही, हेही खरे. तीन दिवस आमची धुसफूस चालली. शेवटी जानेवारीत खोडवा गेल्यावर तेवढा दहा गुंठ्यांचा तुकडा मोकळा ठेवायचा, असे ठरले. त्यात गेल्या खरिपात तूर आणि चवळी पेरली. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावली, शेंगांसाठी आणि पाल्यासाठी.

ऊस मोडा असे मी कुणालाही सांगणार नाही. पण दोन गोष्टी जरूर करा. पहिली : पूर्वहंगामी उसात पहिले तीन महिने सरीतली जागा मोकळीच असते. तिथे हरभरा, कांदा किंवा कोबी घ्या. लवकर निघणारे, उसावर सावली न धरणारे पीक निवडा आणि त्याच्या खताचा हिशेब वेगळा ठेवा. दुसरी : आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटातला एकेक पदार्थ मोजा. यातले आपल्या रानातले किती? उत्तर घरच्या बाईला विचारा. तिला ते कधीपासून माहीत असते.

परवा वहिनींचा फोन आला. सौ.ने सांगितले, "तुरीला शेंगा धरल्यात. पुढल्या वेळी याल तेव्हा दाल पुरी घरच्या डाळीची." पलीकडून वहिनी म्हणाल्या, "मग गूळही घाल त्यात."