शिल्पशाळेंतील विद्या

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघालें, म्हणजे नीरा नदीचा पूल ओलांडण्यापूर्वीं जें गांव लागतें, तें आमचें सारोळें. पूल ओलांडला कीं शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू झाला. अलीकडे आम्ही भोर तालुक्यांतले. या गांवीं आमचें तीन भावांचें घर अजून एकत्र नांदत आहे. थोरले बंधु निवर्तले. पण घराचा कारभार आजहि वहिनींच्या सल्ल्यानेंच चालतो. मी मधला. मॅट्रिक होतांच शाळामास्तरकी पत्करली, संस्कृत मात्र वडिलांपाशीं शिकलों, आणि मुलांचीं व्याकरणें सुधारण्यांत आयुष्य वेंचून आतां निवृत्त झालों आहें. अशा मनुष्यानें शिल्पकलेवर लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. मलाहि वाटतें. परंतु आमच्या घरांत एक प्रकरण घडलें आणि त्यांत माझी चूक उघडी पडली. तशीच चूक इतर घरांतूनहि होत असावी, म्हणून हा लेख.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा बारावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला, आणि शिल्पकला शिकणार असें त्यानें सांगितलें. लहानपणीं तो गणपतीच्या दिवसांत शाडू घेऊन बसे, तेव्हां आम्ही कौतुक करीत असूं. तोच छंद शिक्षण म्हणून समोर आला, तेव्हां मात्र ओसरीवर शांतता पसरली. धाकटा म्हणाला, "दादा, तुम्हीच काय तें सांगा." मीं सांगितलें तें असें: "पाथरवट व्हायचें होतें, तर बारा वर्षें पाटी कशाला झिजवलीस?" मुलगा कांहीं बोलला नाहीं. माजघराच्या दारांतून वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावजी, पाहिल्यावांचून बोलूं नये." शेवटीं तोड निघाली कीं, त्यानें एक वर्ष जावें, वर्षाअखेर मीं स्वतः जाऊन पाहावें, आणि मी सांगेन तसें पुढें करावें. म्हणजे त्या मुलाच्या आयुष्याचा निकाल, ज्यानें आयुष्यांत मातीला हात लावला नव्हता, अशा परीक्षकाच्या हातीं आला.

पुण्याच्या एका कलाशाळेंत त्याचें नांव दाखल झालें. दर रविवारीं त्याचा फोन येई. पहिले पंधरा दिवस त्याला कोणी मूर्ति करूं दिली नाहीं. कारखाना झाडावयाचा, हत्यारें पुसून जागेवर ठेवावयाचीं आणि माती मळावयाची, एवढेंच काम. हें ऐकून मला माझें मत खरें ठरल्याचा आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. पण वहिनी म्हणाल्या, "पुरणपोळीची कणीक किती तिंबायची तें बोटाला कळतें, भावजी, तें पुस्तकांत लिहून येत नाहीं." पुढें मुलानेंहि तेंच सांगितलें. माती सर्वत्र सारखी ओली नसेल, तर एका बाजूनें आधीं सुकून तडकते; आणि जी मूर्ति भाजावयाची, तींत ओल वा हवा कोंडून राहिली, तर ती भट्टींत फुटते. म्हणून मळणें हा हमालीचा भाग नसून अभ्यासाचा पहिला धडा होय. मुळाक्षरें गिरवल्याशिवाय मीं तरी कोणत्या मुलास पुस्तक दिलें होतें?

दिवाळीपूर्वीं एक रविवार फोनावांचून गेला, नंतर दुसराहि गेला. मग कळलें तें असें. अडीच फूट उंचीची उभी मनुष्याकृति त्यानें करावयास घेतली होती. अशी आकृति नुसत्या मातीवर उभी राहत नाहीं. आंत लोखंडी सळईचा आणि तारेचा सांगाडा लागतो. माती खालीं घसरूं नये म्हणून त्यावर तारेनें लाकडाच्या लहान लहान फुल्या टांगाव्या लागतात. सांगाडा कोठें वांकवावा, हें आकृतीच्या उभें राहण्यावरून आधींच ठरवावें लागतें; मातीच्या आंत गेल्यावर तो पुन्हां हातीं येत नाहीं. या मुलानें उत्साहाच्या भरांत बारीक सळई घेतली आणि फुल्या मोजक्याच टांगल्या. पंधरा दिवस राबून आकृति जवळजवळ पुरी झाली. रात्रीं ओल्या फडक्यांनीं गुंडाळून ठेवली. सकाळीं पाहतो तों सांगाडा वांकलेला आणि माती फळीवर ढीग होऊन पडलेली. गुरुजींनीं रागें भरलें नाहीं. त्यांनीं तागडी आणून ती माती तोलावयास लावली आणि विचारलें, "एवढें वजन तुझ्या सळईनें कसें पेलावें?" दोन रविवार हा मुलगा आम्हांस तोंड दाखवावयास भीत होता, कारण मला हें कळलें तर शिक्षण सुटेल, असें त्याला वाटे. त्याची भीति अगदींच निराधार होती, असें मला म्हणतां येत नाहीं.

दिवाळीच्या सुटींत तो घरीं आला, तेव्हां त्यानें मला विचारलें, "काका, शिवाजीनगरच्या प्रिपरेटरी मिलिटरी शाळेंतला महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्हीं पाहिला आहे ना?" पाहिला होता, पण ज्यानें तो घडविला त्याच्याविषयीं मला फारशी माहिती नव्हती. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ सालीं अलिबागजवळच्या सासवणें गांवीं, आपल्यासारख्याच एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. घरीं गणपतीच्या मूर्ति करण्याची आवड होती. गांवच्या देवळाच्या भिंतीवर या मुलानें काढलेलें शिवाजी महाराजांचें चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टराच्या दृष्टीस पडलें. त्यानें त्याची पारख केली आणि त्याच्या साह्यानें मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला. ही शाळा १८५७ सालची. सुप्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग याचे वडील लॉकवुड किपलिंग हे १८६५ मध्यें तेथें शिल्पकाम शिकवावयास आले होते. याच शाळेंत गणपतराव म्हात्रे यांनीं १८९६ सालीं, विद्यार्थिदशेंतच, 'मंदिरपथगामिनी' घडविली. नऊवारी नेसून देवदर्शनास निघालेली ती तरुणी पाहून रवींद्रनाथ ठाकुरांनीं तिच्यावर गौरवाचा लेख लिहिला. करमरकर शिक्षण संपवून कलकत्त्यास गेले, पुढें लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकले, आणि परत आल्यावर त्यांच्याकडे पुण्याच्या या पुतळ्याचें काम आलें. या स्मारकाची कल्पना शाहू छत्रपतींची; १९२१ मध्यें त्याची कोनशिला बसली, १९२२ मध्यें महाराज निवर्तले, आणि राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९२८ च्या जून महिन्यांत, पुतळ्याचें अनावरण झालें.

"यांत सगळ्यांत अवघड कोणतें असेल?" मुलानें मला विचारलें. मीं म्हटलें, "महाराजांचा चेहरा." तो म्हणाला, "चेहरा तर आहेच. पण पुतळा अखंड ओतला आहे." एवढ्या मोठ्या पुतळ्याचे सामान्यतः निरनिराळे भाग ओततात आणि मग जोडतात, म्हणजे एक भाग बिघडला तर तेवढाच पुन्हां ओततां येतो. सुमारें साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगांवच्या गोदींतील कारखान्यांत एकसंध ओतण्यांत आला. धातूचा रस सांच्यांत सोडल्यावर तो मध्येंच थिजला, किंवा कोठें हवा कोंडून राहिली, तर मागचे सर्व महिने व्यर्थ. पुस्तकांतलें वाक्य चुकलें तर खोडून पुन्हां लिहितां येतें. ओतशाळेंत खोडरबर नसतें. पंधरा दिवसांची माती ढासळल्यावर या मुलानें मनाशीं कोणती गोष्ट धरली होती, तें मला तेव्हां उमगलें.

ओतकामाची गोष्ट निघाली, तेव्हां माझ्या संस्कृताला वाव मिळाला. वडिलांच्या पोथ्यांजवळच्या कपाटांतून मीं शिल्पग्रंथांविषयींचीं पुस्तकें काढलीं. मानसार या ग्रंथांत 'मधूच्छिष्टविधान' नांवाचा अध्याय आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. शब्दशः पाहिलें तर मधाचें उष्टें. मूर्ति आधीं मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे थर द्यावयाचे, तापवून मेण ओतून काढावयाचें, आणि त्या रिकाम्या जागेंत धातूचा रस भरावयाचा. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत तर आधीं मेण तोलून घ्यावें आणि त्याच्या पटीनें धातु घ्यावा, असा हिशेब सांगितला आहे. ज्या घरांत उष्ट्याखरकट्याचा एवढा विचार, त्याच घराच्या देव्हाऱ्यांतील बाळकृष्ण या 'उच्छिष्टां'तून जन्मलेला असूं शकतो, हें चाळीस वर्षें शब्दरूपावली शिकविणाऱ्या मास्तराच्या ध्यानांत आलें नव्हतें. मीं 'धातु' शब्द हजारों वेळां फळ्यावर लिहिला. पण व्याकरणांतला धातु वितळत नाहीं आणि हात भाजीत नाहीं!

प्रमाणांविषयींहि आमचा संवाद झाला. आपल्या शास्त्रांत नवताल मूर्तीची उंची मुखाच्या नऊपट, म्हणजे एकशेंआठ अंगुलें धरतात. कलाशाळेंत मनुष्याची उंची डोक्याच्या सुमारें साडेसातपट शिकवितात. मीं विचारलें, "खरें कोणतें?" तो म्हणाला, "काका, एक मोजमाप मुखाचें आहे आणि दुसरें सबंध डोक्याचें. शिवाय एक देवाचें आहे आणि दुसरें समोर उभ्या असलेल्या माणसाचें. दोन्ही शिकल्यावांचून कोणतें कोठें वापरावें तें कळत नाहीं." शिष्यानें गुरूस निरुत्तर करावें, यासारखें सुख नाहीं, पण तें मीं त्या दिवशीं बोलून दाखविलें नाहीं.

वर्षाअखेर ठरल्याप्रमाणें मी पुण्यास गेलों. त्या दिवशीं त्याच्या दुसऱ्या आकृतीचा सांचा फोडावयाचा होता. वाचकांस तो विधि थोडक्यांत सांगतों. मातीची आकृति पुरी झाली म्हणजे तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा सांचा घेतात. प्लास्टर नेहमी पाण्यांत टाकावयाचें, पाणी प्लास्टरांत नव्हे, नाहीं तर गुठळ्या होतात. तें घट्ट होतांना तापतें, म्हणून त्यांत हात रुतवून ठेवणें धोक्याचें. पहिल्या थरांत किंचित् नीळ मिसळतात, वरचे थर पांढरेच. मग सांचा उघडून आंतली माती खरडून काढतात, साबणाचें पाणी लावून पोकळींत नवें प्लास्टर भरतात, आणि शेवटीं वरचा सांचा छिन्नीनें फोडून टाकतात. म्हणजे या वेळीं माती गेलेली असते, सांचाहि जात असतो. राहते ती आंतली मूर्ति, आणि ती कोणास दिसत नसते.

तो छिन्नी व लांकडी हातोडी घेऊन बसला. पांढरे तुकडे उडूं लागले. निळा रंग दिसतांच त्याचा हात मंदावला. कारण निळ्याच्या आंत लगेच मूर्तीची त्वचा. छाती मोकळी झाली, खांदे झाले, आणि तो चेहऱ्याशीं आला. नाकाच्या शेंड्यापाशीं एक घाव जास्त पडला असता, तर सहा आठवड्यांचें काम बिघडलें असतें. मी चाळीस वर्षें परीक्षेच्या दालनांत पहारा केला आहे. पण एवढी एकाग्रता मीं कोणत्याहि परीक्षार्थ्याच्या तोंडावर पाहिली नव्हती. निळी पापडी सुटली आणि आंतून नाक, ओंठ, हनुवटी अशीं एकामागून एक प्रकट झालीं. कपाळावर मात्र एक घाव लागला होता. त्यानें तो लपविला नाहीं, बोट ठेवून मला दाखविला आणि म्हणाला, "येथें घाई झाली." मीं तेव्हांच मनांत निकाल लावला. ज्याला आपली चूक नेमकी कोठें झाली तें दाखवितां येतें, त्याला विद्या येत आहे.

घरीं येऊन मीं धाकट्या भावाला सांगितलें कीं, मुलानें शिक्षण पुरें करावें, आणि ओसरीवर मीं जें बोललों तें परत घेतों. त्यानें काळजीनें विचारलें, "पण दादा, पोटाचें काय?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन मीं कोणास फसविणार नाहीं. या धंद्यांत महिन्याच्या एक तारखेची निश्चिति नसते. पुतळ्यांचीं आणि देवमूर्तींचीं कामें, जुन्या मूर्तींची दुरुस्ती, चित्रपटाच्या देखाव्यांचीं कामें, शाळांतून शिक्षकी, असे मार्ग आहेत. पण कोणताहि मार्ग हात तयार झाल्यावांचून उघडत नाहीं, आणि हात तयार होण्यास वर्षें लागतात. आईबापांनीं मुलास एवढा काळ देतां येईल कीं नाहीं, हें आधीं ठरवावें. दगडाच्या कामांत धूळ फुफ्फुसांत जाऊन कायमचा आजार जडतो, म्हणून तोंडाला पट्टी असल्याशिवाय छिन्नी उचलूं देऊं नये, हेंहि बजावून सांगावें. आणि उन्हाळ्याच्या सुटींत जमल्यास सहकुटुंब सासवण्यास जावें. तेथें करमरकरांच्या राहत्या जागेंत त्यांच्या कृतींचें संग्रहालय १९६४ पासून आहे. खुद्द करमरकर १९६७ मध्यें निवर्तले. कोळीण, शंख फुंकणारा, दारापाशीं बसलेली म्हैस, हीं सारीं तेथें आहेत. ज्यानें छत्रपतींचा घोडा अखंड ओतविला, त्यानेंच आपल्या गांवच्या म्हशीकडेहि तितक्याच आदरानें पाहिलें, हें मुलांनीं पाहण्यासारखें आहे.

नव्या वर्षाच्या आरंभीं आमच्या विद्यार्थ्यास मोठी आकृति करावयाची होती, आणि तीसाठीं लोखंडी सळया हव्या होत्या. पूल ओलांडून शिरवळच्या दुकानांतून त्या मीं स्वतः आणल्या. दुकानदारानें बारीक दाखविल्या; मीं जाड मागून घेतल्या.